दर दहावी कोंबडी

शकूमावशी मेलेल्या कोंबडीलासुद्धा बाई म्हणायच्या. स्टीलच्या टेबलावर कोंबडी उताणी ठेवायची, पिसं उडू नयेत म्हणून साबणाच्या पाण्याने ओली करायची, मांड्या बाजूला दाबून खुब्यातून सोडवायच्या, आणि कात्री हातात घेण्यापूर्वी तिला विचारायचं, "काय झालं बाई तुला?" हे मराठीत. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं तोंडातून शब्द नाही. लॅबमधल्या अमेरिकन पोरांना वाटायचं, ही कसलीतरी प्रार्थना आहे. एकाने धीर करून विचारलंही. "प्रार्थना नाही," मावशी म्हणाल्या. "पेशंटची हिस्टरी घेते आहे."

अमेरिकेतल्या मराठी माणसांबद्दल आपल्याकडे जे छापून येतं ते वाचून मला संताप येतो. सगळे डॉक्टर, सगळे इंजिनियर, सगळ्यांच्या गॅरेजात दोन गाड्या. शकुंतला वाकोडे या बाई त्या फोटोत कुठेच बसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

नागपूरला त्यांनी जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी घेतली. वर्गात एकटी मुलगी. लग्न होऊन इकडे आल्यावर त्या पदवीचा नुसता कागद झाला. परवाना हवा तर परीक्षा पुन्हा, उमेदवारी पुन्हा. तोवर मुलगी अंजू झाली होती, आणि अंजू तीन वर्षांची असताना नवरा हार्ट अ‍ॅटॅकने गेला. राज्य सरकारच्या पशुरोग प्रयोगशाळेत टेक्निशियनची जागा होती, ती त्यांनी घेतली. मी भेटले तेव्हा त्या जागेवर त्यांना बारा वर्षं झाली होती. कोंबड्या फाडायच्या त्यांनी, स्लाइड बघायच्या त्यांनी, रिपोर्ट लिहायचा त्यांनी, आणि खाली सही त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या साहेबाची. मी यावर बोलायला लागले की त्या म्हणायच्या, "कोंबडीला सही वाचता येते का?"

शिकागोपासून गाडीने चार तासांवरचं आमचं गाव. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. सांगलीहून समाजशास्त्र शिकायला आलेली, पण शिकण्यापेक्षा पत्रकं काढण्यात जास्त रमणारी. कॉलेजपासून हात त्यावरच बसलेला. मथळा ठळक, वाक्यं आखूड, शेवटी मागणी. इथे युनिव्हर्सिटीतल्या मुलांचा एक गट अंड्या-मांसाच्या मोठ्या कंपन्यांविरुद्ध पत्रकं काढायचा, त्यात मी पहिल्या आठवड्यातच शिरले. मावशींनी माझं नाव ठेवलं होतं पुढारी. "ए पुढारी, चहा घेणार का?" "पुढारी, कचऱ्याचा डबा रस्त्यावर ने, आज गुरुवार आहे."

त्यांना दोन गोष्टींचा तिटकारा होता. एक, लॅबच्या फ्रीजमध्ये खाण्याची वस्तू. साहेबाने एकदा आपलं सँडविच रक्ताच्या नळ्यांशेजारी ठेवलं. मावशींनी ते काही न बोलता लाल पिशवीत घातलं आणि संसर्गाच्या कचऱ्याबरोबर वाफेच्या भट्टीत उकडून टाकलं. साहेब दुपारी शोधत आला. "ते निर्जंतुक झालं आहे," मावशी म्हणाल्या, "हवं असेल तर घ्या."

दुसरी गोष्ट, उपमा. व्हायरस म्हणजे चोर, पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, असं कोणी बोललं की त्यांचा चेहरा आंबायचा. "पेशीला पेशी म्हण ना बापा. शिपाई कशाला? लाच घेईल तो." मी एका पत्रकात व्हायरसला घुसखोर म्हटलं होतं. त्यावर त्यांनी लाल पेन्सिलीने काट मारली. "काही व्हायरस कोंबडीच्या स्वतःच्या जीन्समध्ये असतात. हजारो पिढ्या. आईबापाकडून पिल्लाला, पिल्लाकडून त्याच्या पिल्लाला. तो तिथलाच आहे. घुसखोर काहून म्हणतेस त्याला?"

तेव्हा ते वाक्य मी कानामागे टाकलं. पुढे सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरलं.

मराठी मंडळाच्या गणपतीला, ज्याने-त्याने एक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये, एक हृदयरोगतज्ज्ञ काका सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "काय वहिनी, कोंबड्यांचं बीपी घेता की नाही?" लोक हसले. मावशी ताटात मसालेभात वाढून घेत होत्या. "घेत नाही. त्या तुमच्या पेशंटपेक्षा कमी खातात." काका स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसले, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. पण मला कोणी असं बोललं असतं तर मी मंडळाविरुद्ध पत्रक काढलं असतं. मावशी घरी आल्या आणि उरलेल्या मसालेभाताच्या डब्यावर मास्किंग टेप लावून तारीख लिहीत बसल्या. कोथिंबीर, वरण, रक्त, लिव्हरचा तुकडा, सगळ्याला टेप आणि तारीख, फक्त फ्रीज वेगळे.

आता डोरिसबद्दल. डोरिस त्यांची मैत्रीण. मावशींसारखीच विधवा, साठीची, गावाबाहेर वीस मैलांवर तिची दोन लांबलचक शेड होती. इथली पद्धत अशी की पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, अंडी कंपनीची. शेड, घाम आणि दोष मात्र शेतकऱ्याचा. डोरिस एका दिवसाची पिल्लं घ्यायची, वाढवायची आणि अंडी द्यायला लागली की वर्षभर सांभाळायची. शकुंतला हे नाव तिला कधी जमलं नाही. ती म्हणायची शॅकी.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात डोरिसच्या दुसऱ्या शेडमधल्या कोंबड्या मरायला लागल्या. सात महिन्यांच्या, नुकत्या अंड्यावर आलेल्या. तुरा फिका पडायचा, पोट फुगायचं, आणि सकाळी पाय ताणून पडलेल्या मिळायच्या. केन नावाचा कंपनीचा माणूस दर पंधरवड्याला यायचा. त्याने एक कोंबडी उघडली, लिव्हरवरच्या गाठी बघितल्या आणि निकाल दिला: मॅरेक्स. पिल्लांमध्ये शेडच्या धुळीतून पसरणारा, गाठी आणणारा हा रोग. त्याची लस कंपनी पिल्लांना देतेच. मग रोग का झाला? तर लस अंगात मुरायच्या आत पिल्लांना घाणीतून लागण झाली. घाण कोणाची? डोरिसची. पुढच्या महिनाअखेर कोंबड्या उचलणार, करार बंद, असं पत्र आलं. आणि एकदा गलिच्छ ठरलेल्या बाईला त्या भागातली दुसरी कुठलीही कंपनी पिल्लं देत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

हे मावशींनी जेवताना सांगितलं. "लिव्हर एवढी सुजलेली," त्या हाताने दाखवायला लागल्या. अंजू पंधरा वर्षांची. तिने काटा खाली ठेवला. "मॉम. नॉट अ‍ॅट द टेबल."

मी खाली गेले आणि तासाभरात पत्रक लिहिलं. मथळा: तुमच्या नाश्त्यात कॅन्सर. कोंबड्यांना व्हायरसने गाठी होतात, तो व्हायरस अंड्यातून जातो, ती अंडी तुम्ही खाता. खाली डोरिसच्या फार्मचं नाव, पुराव्यादाखल. चारशे प्रती काढल्या. मला वाटलं होतं मावशी खूश होतील.

मावशींनी सकाळी पत्रक घेतलं, उकडलेलं अंडं सोललं, आणि अंडं खात खात ते शेवटपर्यंत वाचलं.

"हे पाहिलंस की वाटलं?"

"काय?"

"कोंबडीच्या गाठीचा व्हायरस माणसाला कॅन्सर करतो, हे."

"अंड्यात व्हायरस असतो असं तुम्हीच..."

"असतो. माणसाला कॅन्सर करतो असं कोणी दाखवलेलं नाही. मी बारा वर्षं त्यात हात घालून आहे. तू रात्रीतून कुठे पाहिलंस?"

मी पत्रक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि डोरिसचं नाव छापलंस. कंपनीला दुसरी शंभर शेड आहेत. डोरिसला दोनच."

चारशे प्रती मी तळघरात नेल्या. हिवाळाभर त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी क्लासच्या नोट्स काढल्या. मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं, या बाईला कंपनीशी भांडायचंच नाही. आता लिहिताना एवढंच सांगते की ती पत्रकं बाहेर गेली असती तर डोरिस त्याच आठवड्यात संपली असती, आणि ते काम केनने नाही, मी केलं असतं.

शनिवारी त्या मला डोरिसकडे घेऊन गेल्या. फार्मच्या दाराशी कागदी डगला चढवायचा, बुटांवर कागदी पिशव्या, पाय जंतुनाशकाच्या टबात. "पुढारी, नीट बुडव. क्रांती नंतर." डोरिसने सकाळी मेलेली कोंबडी प्लास्टिकवर ठेवली होती. मावशींनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला आणि कामाला लागल्या.

मांडीच्या स्नायूंच्या मधून त्यांनी एक पांढरी दोरी उचलून दाखवली. बारीक, चकचकीत, आडव्या रेघा असलेली. "ही पायाची नस. मॅरेक्समध्ये ही बहुतेक जाड होते, पिवळट होते, रेघा जातात. ही बघ, कशी आहे."

"चांगली आहे."

"पाहिलंस ना? मग लिही."

मग त्या शेपटीच्या बाजूला गेल्या. तिथे कोंबडीला एक छोटी पिशवी असते. ती पिल्लू असताना तिच्या अंगातल्या काही पेशी त्या पिशवीत तयार होतात आणि पुढे रोगाविरुद्ध अँटिबॉडी बनवतात. कोंबडी वयात आली की पिशवी सुकून जाते. या कोंबडीत ती सुकली नव्हती. तिथे अक्रोडाएवढी टणक गाठ होती. मावशींनी ती मधोमध कापली आणि उजेडात धरली.

"डोरिस, हा मॅरेक्स नाही. ल्यूकोसिस आहे."

"ते बरं की वाईट?"

"कोंबडीला सारखंच. तुला वेगळं. हा धुळीतून उडत येत नाही. बहुतेक वेळा आईकडून अंड्यातून येतो."

डोरिसचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "केन म्हणेल, मीच बुटांवरून आणला."

"म्हणेल," मावशी म्हणाल्या. "थोडाफार तसाही पसरतो. म्हणून आत्ता आनंद करू नको."

दुपारी आम्ही डोरिसच्या मागच्या पायरीवर बसून सँडविच खात होतो. पहिल्या शेडमधून कोंबडा आरवला. मावशींचा घास हातातच थांबला.

"तिकडे कोंबडा आहे?"

"चार आहेत," डोरिस म्हणाली. "दर खेपेला असतात. नर-मादी वेगळे करणारे लोक पिल्लाचा पार्श्वभाग उघडून बघतात. सेकंदाला एक पिल्लू. काही नर सुटतात."

"आणि दुसऱ्या शेडमध्ये?"

डोरिसने विचार केला. "एकही नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. केन फुशारकीने सांगत होता, नवीन जात आहे, पंख उघडला की कळतं. मादीची पिसं भराभर येतात, नराची सावकाश."

मावशींनी सँडविच कागदात गुंडाळलं आणि उभ्या राहिल्या. पुढचं त्यांनी मला गाडीत समजावलं, दोनदा, कारण पहिल्यांदा मी उपमा दिली.

ते असं. पंखावरून नर-मादी ओळखता यावेत म्हणून आई सावकाश पिसांची घ्यावी लागते. सावकाश पिसांचा जीन ज्या जागी असतो तिथे अगदी शेजारी एका जुन्या व्हायरसचा जीन बसलेला असतो. तोच, कोंबडीच्या स्वतःच्या वंशात मुरलेला. पैदास करणाऱ्यांनी पिसं निवडली, तेव्हा शेजारीही बरोबर आला. आईच्या अंगात तो व्हायरस तयार होतो आणि अंड्यात उतरतो. लेकीला तो जीन मिळतच नाही, तो नर पिल्लांकडे जातो. लेकीला नुसता व्हायरस मिळतो, कवचाच्या आत असतानाच. त्या वयात तिचं शरीर आपलं काय आणि परकं काय हे ठरवत असतं. ती त्याला आपलं ठरवते. हा व्हायरस स्वतः सहसा गाठी करत नाही. पण गाठी करणारा त्याचा भाऊबंद पुढे येतो तेव्हा दोघांचं बाहेरचं आवरण इतकं सारखं असतं की शरीर त्याच्याविरुद्ध नीट अँटिबॉडीच बनवत नाही.

"म्हणजे कंपनीने पिसं निवडताना कोंबड्यांची प्रतिकारशक्ती..." मी वही काढली.

"थांब. काही ठिकाणी यावर काम चालू आहे, मी वाचलं आहे. डोरिसच्या शेडमध्ये तेच झालं का, हे मी पाहिलेलं नाही. मला वाटतं आहे फक्त." आणि त्यांनी 'वाटतं' हा शब्द असा उच्चारला जसं दुसरी बाई शिवी उच्चारेल.

पुढच्या शनिवारी आम्ही रक्त घ्यायला गेलो. मावशी पंखाखालच्या शिरेतून रक्त काढणार, डोरिस नळ्यांवर टेप लावणार, मी कोंबड्या पकडून आणणार. मी मन लावून काम केलं. पहिल्या शेडमधून तुकतुकीत, लालभडक तुऱ्याच्या, हातात मावणार नाहीत अशा आणल्या. दुसऱ्या शेडमधून डोळे मिटलेल्या, कोपऱ्यात बसलेल्या. तीसेक नळ्या भरल्यावर मावशी थांबल्या. हातातल्या कोंबडीकडे बघितलं, मग शेडकडे, मग माझ्याकडे.

"तू यांना निवडून आणते आहेस?"

"फरक स्पष्ट दिसायला हवा ना."

मावशींनी भरलेल्या नळ्यांचा स्टँड उचलला आणि सगळ्या नळ्या एकेक करून कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकल्या. तीस कोंबड्यांचं रक्त. डोरिसने हातातला टेप खाली ठेवला.

"पत्रक लिहितेस तशा कोंबड्या निवडल्यास," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "आजारी कोंबड्या आजारी आहेत हे केनलाही माहीत आहे. त्यासाठी माझी गरज नाही."

डोरिसने तारेच्या जाळीने प्रत्येक शेडच्या मध्यावर कुंपण घातलं आणि त्याला कोंबडी जाईल एवढंच दार ठेवलं. दोघींनी कोंबड्या हाकायच्या, मी दाराशी बसून मोजायचं. दर दहावी उचलायची. धडधाकट असो, मरतुकडी असो, टोचणारी असो. चाळीस पहिल्या शेडमधून, चाळीस दुसऱ्या. दहावी कोंबडी टुणटुणीत निघाली की माझा जीव जळायचा, मी मनात म्हणायचे हिला सोडून पुढची घेऊ. मावशी पाठमोऱ्या असायच्या, तरी म्हणायच्या, "दहावी, पुढारी." संध्याकाळपर्यंत माझ्या मनगटांवर ओरखडेच ओरखडे होते आणि मी त्या दोघींशी बोलत नव्हते.

लॅबचं काम व्हायला तीन आठवडे गेले. निकाल असा आला: पहिल्या शेडमध्ये पुष्कळ कोंबड्यांच्या रक्तात अँटिबॉडी. म्हणजे रोगाचा व्हायरस त्यांनाही भेटला होता आणि त्यांच्या शरीराने त्याला उत्तर दिलं होतं. दुसऱ्या शेडमध्ये बहुतेकींच्या रक्तात व्हायरस, आणि अँटिबॉडी जवळजवळ कोणाच्यातच नाही.

मावशींनी रिपोर्ट लिहिला, साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि समोर उभ्या राहिल्या. साहेब चाचरला. कंपनी मोठी, हा रोगनिदानाचा प्रश्न, पैदाशीत कशाला शिरायचं. मावशी म्हणाल्या, "यातलं कुठलं वाक्य खोटं आहे त्यावर काट मारा. मी जाते." साहेबाने तीनदा वाचलं. एकाच जागी 'सिद्ध होतं' खोडून 'सुसंगत आहे' असं केलं आणि सही केली.

मी घरी संतापले. "घाबरला."

"नाही," मावशी म्हणाल्या. "त्याचं बरोबर आहे. या कोंबड्यांच्या आयांचं रक्त आपण तपासलंच नाही. मी घाईत लिहिलं होतं." एवढी वर्षं त्या माणसाने सही करून त्यांचं श्रेय घेतलं, आणि या बाईला त्याने सुधारलेला एक शब्द आवडला. मला हे आजही पचत नाही. पण तसं झालं.

महिना संपायला नऊ दिवस राहिले होते तेव्हा कंपनीचे लोक डोरिसच्या स्वयंपाकघरात आले. केन, आणि कंपनीचा म्हातारा पशुवैद्य, कमी बोलणारा. मावशी सुट्टी घेऊन, मैत्रीण म्हणून बसल्या होत्या. मला त्यांनी बजावलं होतं, "तू कॉफी दे. बोलू नको." मी कॉफी दिली.

केनने रिपोर्ट चाळला. "रोग तर आहेच. कोणीतरी बुटांवरून नेला."

"बूट दोन्ही शेडमध्ये गेले," मावशी म्हणाल्या. "तेच बूट, तीच डोरिस. पहिल्या शेडमध्येही व्हायरस पोचला होता. त्या कोंबड्या मेल्या नाहीत."

"आणि रक्त कोणत्या कोंबड्यांचं घेतलंत? मरायला टेकलेल्या निवडल्या असतील."

मी किटली टेबलावर ठेवली. उत्तर डोरिसने दिलं. "दारातून येणारी दर दहावी. ही पोरगी मोजत होती. तिच्या तोंडावरून कळत होतं की तिला ते आवडत नाहीये."

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली. माझ्या मनगटांवरच्या फिकट झालेल्या ओरखड्यांकडे बघितलं, मग मावशींकडे. "पंखावरून निवडलेली पिल्लं?" मावशींनी होकार दिला. त्याने केनच्या हातातला रिपोर्ट घेऊन शेवटचं पान वाचलं. मग म्हणाला, "आम्हाला आयांचं रक्त तपासावं लागेल. तोवर ते पत्र थांबवतो." केन काही बोलणार होता. म्हातारा म्हणाला, "केन, तू गाडी गरम कर." ऑगस्ट होता.

आयांच्या रक्ताचा निकाल यायला आणखी काही आठवडे लागले. एका शनिवारी सकाळी फोन वाजला. मावशींनी उचलला. "ओके," म्हणाल्या. मग बराच वेळ ऐकलं. "ओके." पुन्हा ऐकलं. "ओके, डोरिस." फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसल्या, फ्रीजला टेकून.

अंजू धावली. "मॉम, आर यू ओके?"

"हाव. बसू दे जरा."

मग सांगितलं. कंपनीने आयांची तपासणी केली होती. ती जात पैदाशीतून मागे घेतली होती. डोरिसच्या देखभालीत दोष आढळला नाही, असं लेखी आलं होतं, केनच्या सहीने. दुसरं शेड रिकामं करून, धुऊन, जुन्या जातीची पिल्लं मिळणार होती. मावशी फरशीवर बसूनच हसायला लागल्या, आणि अंजूही, का ते न कळता, त्यांच्या शेजारी बसून. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय हे मला त्या दोघींकडे बघून कळलं, आणि मग लक्षात आलं की मीही खालीच बसले आहे.

आमच्या गटाचं पत्रक शेवटी निघालं. मावशींनी तपासलेलं. सात वाक्यं, एकही उद्गारचिन्ह नाही, मागणी एकच: पैदास करताना निवडलेल्या गुणाबरोबर आणखी काय येतं ते तपासा, आणि तपासेपर्यंत शेतकऱ्याला दोष देऊ नका. गटातले मित्र म्हणाले, फारच मिळमिळीत आहे यार. पण ते वाचून दुसऱ्या जिल्ह्यातल्या दोन शेतकऱ्यांनी लॅबला फोन केला. माझ्या आधीच्या कुठल्याच पत्रकाने कोणी फोन उचलला नव्हता. कंपन्या काही देव झाल्या नाहीत. दोष शेतकऱ्याचा ही रीत अजून चालूच आहे, आणि मावशी अजून टेक्निशियनच आहेत. त्यावर मी भांडणारच. पण आता भांडायच्या आधी मोजते.

हिवाळा सरल्यावर डोरिसकडे नवीन पिल्लं आली, त्याच दिवशी मी गाव सोडलं. दूर पश्चिमेला, सनीव्हेलला, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत रसायनांचा त्रास होणाऱ्या बायकांसाठी पत्रकं लिहिण्याचं काम मिळालं होतं. एक मैत्रीण त्या बाजूला ड्राइव्ह करत जाणार होती, तिला मी डोरिसच्या फाटकाशी बोलावलं.

शेडमध्ये दिव्यांची ऊब होती. खाली ताजा लाकडाचा भुसा, आणि शंभर-शंभर पिल्लांची खोकी रांगेने. एका दिवसाच्या पिल्लाला पाणी म्हणजे काय ते माहीत नसतं. म्हणून प्रत्येक खोक्यातली दहा-बारा पिल्लं हातात घेऊन त्यांची चोच पाण्यात बुडवायची. ती प्यायला लागली की बाकीची त्यांचं बघून शिकतात. डोरिस, मावशी आणि मी, तिघी गुडघ्यांवर बसून ते करत होतो. डोरिस चर्चमधलं कसलंतरी गाणं बेसूर, मोठ्याने गात होती. मावशींनी तिला एकदाही थांबवलं नाही.

बाहेर हॉर्न वाजला. मी उठले, वाकून नमस्कार करायला गेले तर मावशींचे दोन्ही हात पिल्लांनी भरलेले.

"नमस्कार राहू दे, पाय टबात बुडवून जा," त्या म्हणाल्या. "आणि तिकडे पोचलीस की पत्ता कळव. पत्रक छापायच्या आधी पाठव मला."

"आधी?"

"आधी. पेन्सिल आहे माझ्याकडे."

दाराच्या जाळीतून मी मागे वळून बघितलं. मावशींनी एक पिल्लू मुठीत धरून त्याची चोच पाण्यात टेकवली होती. पिल्लाने ओली मान वर केली, चोच दोनदा मिटली. गळ्यातून घोट खाली उतरला तसं त्यांनी मूठ भुशावर उघडली आणि दुसऱ्या हाताने खोक्यातलं पुढचं पिल्लू उचललं.